प्रज्ञाच्या दगडावरची ओळ

बारामती-इंदापूरकडे निघाले आहे म्हटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" देवरुखची माणसं घाट चढतात ती कोल्हापूरच्या देवीसाठी, नाहीतर पुण्याच्या नातेवाइकांकडे. मी सांगितलं, मैत्रिणीच्या घरी चालले आहे. ते खरं होतं आणि अपुरंही होतं, कारण मैत्रीण घरी असणार नव्हती.

प्रज्ञा आणि मी पुण्यात वसतिगृहाच्या एका खोलीत तीन वर्षं राहिलो. दोघीही आपापल्या घरातल्या पहिल्या पदवीधर. माझे वडील काजूच्या कारखान्यात कामाला, तिचे तात्या एसटीत कंडक्टर. सरकारी शिष्यवृत्ती आणि सरकारी वसतिगृह नसतं तर आम्ही दोघी भेटलोच नसतो, हे मी आजही विसरत नाही. सुट्टी लागली की ती म्हणायची, "कोकणे, एकदा बावड्याला ये. जेवण म्हंजी काय ते कळंल तुला." ते राहून गेलं. पदवीनंतर ती स्पर्धा परीक्षा द्यायला एका मोठ्या शहरात गेली. पेपर झाला, गाडीला वेळ होता, म्हणून चप्पल घ्यायला बाजारात शिरली. तिथे कुणीतरी ठेवून गेलेला बॉम्ब फुटला. त्या शहराचं नाव तिच्या घरात घेत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

या हिवाळ्यात तात्यांचा फोन आला. बावड्यात विहाराशेजारी त्यांनी मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधली होती. येत्या पौर्णिमेला ती उघडायची होती आणि दाराशेजारी प्रज्ञाच्या नावाचा दगड लावायचा होता. "पण काय लिवायचं त्यावर घरात एकमत होईना," तात्या म्हणाले. "तू हे शिकवतीस. तिला वळखत हुतीस. येऊन एक ओळ दे."

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मानवी हक्कांचं प्रकरण दर वर्षी शिकवते. त्यात दहशतवादाला एक परिच्छेद आहे. तो वाचताना दर वर्षी माझा आवाज जरा बदलतो, हे मुलांना कळत असावं. ती ओळ मी घरीच लिहून घेतली, तीनदा नीट केली आणि पर्समध्ये ठेवून निघाले.

बारामती

आमच्याकडे गाव आधी ऐकू येतं, मग दिसतं. मधे झाडी असते. बारामती लांबूनच सगळी दिसते. रुंद रस्ते, वर मोकळं आभाळ, आणि थंडीतही डोळे बारीक करायला लावणारं ऊन. स्टँडवर प्रज्ञाचे मामा, वसंतमामा, घ्यायला आले होते. ते तहसील कचेरीत कारकून आहेत, निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. बोलताना आधी आजूबाजूला बघतात, मग बोलतात.

"चहा पिऊ, आन मग दगड बघू," ते म्हणाले.

दगड इंदापूर रस्त्यावर मुबारकभाईंच्या दुकानात होता. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, भिंतीला टेकवलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या फरश्या आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. मुबारकभाईंच्या भुवयाही पांढऱ्या होत्या. धुळीनं की वयानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रज्ञाच्या दगडावर खडूनं आखलेलं होतं, "कालकथित प्रज्ञा". पुढे काहीच नव्हतं. बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात, 'कै.' लिहीत नाहीत, कारण कैलास त्यांचा नाही.

"हे शब्द लई सांभाळावं लागत्यात ताई," मुबारकभाई स्टूल पुसत म्हणाले. "एकदा घाईत मी आमच्याच चुलत्याच्या दगडावर कै. घातलं. सवय, दुसरं काय. चुलती आली, बघितलं, म्हणाली, 'मुबारक, तुझ्या चुलत्यानं आविष्यभर निमाज पडली आन तू त्याला कैलासावर पाठवलास व्हय?' अजून ईदला गेलो की पोरं इचारत्यात, चाचा, कैलासावरनं काय निरोप?"

मामा हसले. पुढचा मजकूर त्यांनीच आधी कळवला होता: दहशतवादी हल्ल्यात बळी गेलेल्या. तो कोरायच्या आधीच प्रज्ञाच्या आईचा फोन आला, दगडाला हात लावू नका म्हणून.

मामा फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा मुबारकभाई हलक्या आवाजात म्हणाले, "बॉम्बातच गेली न्हवं ही पोरगी?" मी हो म्हटलं. ते दगडावरून हात फिरवत राहिले. "असं कुठं झालं की आमच्या घरात दोनदा रडू येतं ताई. एकदा मेलेल्यांसाठी. आन मग आमचा पुतण्या पुण्यात कामाला हाय त्याच्यासाठी. एकदा धरून नेलता. इचारलं, बसवून ठिवलं, सोडलं. काय निघायचं हुतं त्याच्यात? तरी त्यो आता दाढी वाढवत न्हाय."

मला माझ्या पर्समधली ओळ आठवली. तिच्यात या पुतण्याला जागा नव्हती. सरकारनं माणसांना सांभाळायचं, तर ते सांभाळताना भलत्यालाच धरायचं नाही, हेही त्याच कर्तव्यात येतं. वर्गात मी हे दोन वेगवेगळ्या तासांना शिकवते.

निमगाव केतकीवरून

मामांच्या गाडीनं आम्ही बावड्याला निघालो. वाटेत जंक्शन नावाचं गाव लागतं. रेल्वे काही दिसली नाही. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक जात होत्या आणि त्यांच्या मागे कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. आमच्या घाटात एवढा वेळ थांबावं लागलं असतं तर भांडणं झाली असती. निमगाव केतकीला मामांनी तात्यांसाठी पानं घेतली. पानमळा मी तिथे पहिल्यांदा बघितला. आमच्याकडे पानवेल पोफळीवर चढते, उंच, हात पुरत नाही अशी. इथे ती शेवरीच्या झाडावर चढवलेली, आत हिरवा अंधार आणि बाहेर कोरडं माळरान.

गाडीत मामांनी बहिणीचा, म्हणजे प्रज्ञाच्या आईचा, विषय काढला. "ताई, आमच्या आक्काला तू समजव. शहीद लिवू. मानाचा शब्द हाय. उद्घाटनाला आमचं तहसीलदार साहेब येणार हायत."

"आणि मावशी काय म्हणतात?"

"तिला कुठला शब्द चालतोय? पण सरकारनं हे केलं न्हाय, ते केलं न्हाय, असलं दगडावर नको. माझी अजून नोकरी हाय. पोट त्याच्यावर हाय."

मी त्यांना माझी ओळ दाखवली. त्यांनी गाडी कडेला घेतली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचली: "दहशतवादाने केलेले जीविताच्या मूलभूत मानवी हक्काचे उल्लंघन आणि नागरिकांचे संरक्षण करण्याचे शासनाचे कर्तव्य यांचे निरंतर स्मरण राहावे म्हणून." मग चष्मा काढून म्हणाले, "ह्याला दगड पुरायचा न्हाय ताई. डोंगर लागंल."

मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. तीनदा नीट केली होती मी ती ओळ.

बावडा

बावडा मोठं गाव आहे. बाजारपेठ, खताची दुकानं, मोबाईलची दुकानं, आणि पुन्हा वळलं की ऊस. प्रज्ञाचं घर स्लॅबचं, पुढे पत्र्याची पडवी. मी जयभीम म्हटलं. ते तिनंच शिकवलं होतं. मावशींनी, म्हणजे तिच्या आईनं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू तर बारीक हायस. प्रज्ञी म्हणती, कोकणी लई भात खाती."

म्हणती. म्हणायची नव्हे. नंतरच्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं, प्रज्ञाच्या सवयींबद्दल, आवडीनिवडींबद्दल बोलताना मावशी भूतकाळ वापरतच नाहीत. प्रज्ञीला चटणी तिखट लागती. प्रज्ञी उठली की आधी रेडिओ लावती. तात्या मात्र 'होती' म्हणतात, आणि ते म्हणाले की मावशी उठून आत जातात.

जेवायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, आणि फक्त माझ्यासाठी शिजवलेला भात. कडक भाकरी मोडली की आवाज होतो. वसतिगृहात परीक्षेच्या दिवसांत प्रज्ञा ती गादीवर बसून खायची आणि मी तिच्यावर ओरडायची. तो आवाज इतक्या वर्षांनी तिच्या घरात, दुसऱ्यांच्या हातून ऐकताना मी हातातला घास परत ताटात ठेवला. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं सांगितलं होतं तसंच होतं जेवण. ते तिला सांगायला ती हवी होती.

दुपारी अभ्यासिका बघितली. एक लांब खोली, टेबलं, पंखे, भिंतीवर संविधानाची उद्देशिका. दाराच्या उजव्या अंगाला गिलाव्यात दगडाएवढी चौकट रिकामी सोडलेली. तिथून घरी आल्यावर पडवीत चहा झाला आणि मामा म्हणाले, "उद्या मुबारकभाईला मजकूर द्यायाच पायजे. न्हायतर पौर्णिमा गाठत न्हाय."

"बळी न्हाय लिवायचं," मावशी म्हणाल्या. "बळी बोकडाचा देत्यात. माझी पोरगी कुठल्या देवाला दिली, आन कुणी दिली?"

"अगं, पेपरात समदे तसंच लिवत्यात," मामा म्हणाले.

"पेपरवाल्यांची पोरगी न्हाय ती."

तात्यांनी पानाला चुना लावत म्हटलं, "मला तर शहीद बरं वाटतं. पोरं वाचतील, मान देतील. कशासाठी तरी गेली असं वाटंल." शेवटचं वाक्य त्यांनी पानाकडे बघत म्हटलं.

"लढाया गेलती व्हय ती?" मावशींचा आवाज चढला नाही. "चप्पल घ्याया गेलती. चप्पल घिऊन घरी येणार हुती. तेवढंच लिवा वाटलं तर."

मामांनी मधला मार्ग काढला. "मग असं लिवू. देशासाठी जीव दिला."

तात्यांनी पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "वसंता, लिवतानं जरा इचार कर. जीव दिला म्हंजी काय हुतं? हिरीत उडी मारल्यागत."

मामा ओशाळले. "मला तसं न्हवतं म्हणायचं."

"तिनं दिला न्हाय," मावशी म्हणाल्या. "तिचा घेतला."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी ओळ वाचली. मोठ्यानं वाचताना तिची लांबी मलाच कळली. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हक्क हक्क म्हंत्यात, त्यो कुणी द्यायचा असतो?"

"जगायचा हक्क कुणी देत नाही मावशी. माणूस म्हणून तो असतोच. ज्यांनी बॉम्ब ठेवला त्यांनी तो हिसकावला, गुन्हेगार तेच. पण सरकार कशासाठी असतं? रस्ता, पाणी, माझी-प्रज्ञाची शिष्यवृत्ती, हे सगळं नंतर. सगळ्यात आधी माणसाचा जीव सांभाळण्यासाठी."

"सरकार काय परत्येक बाजारात दोरी बांधून बसंल?" मामा म्हणाले. "कोण कुठं पिशवी ठिवतंय, कसं कळायचं? आमी बी माणसंच हाव."

मामांचं काही खोटं नव्हतं. आणि ज्या सरकारनं मला शिकवलं त्याच्याविषयी तक्रारीचं वाक्य तोंडातून काढताना मला आजही अवघडल्यासारखं होतं.

"मदत दिली की त्यांनी," तात्या म्हणाले. "न्हाय म्हणून चालायचं न्हाय."

"मदत दिली. जाब कुठं दिला?" मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "माझं म्हायेर कऱ्हाटी. माझा आज्जा तितला वेसकर. तुमच्याकडं असत्यात का वेसकर?"

मला शब्द माहीत होता, माणूस माहीत नव्हता. वेसकर म्हणजे गावाच्या वेशीवर जागणारा, गावाची राखण करणारा. धम्म घेण्याआधी ते काम प्रज्ञाच्या पूर्वजांच्या जातीला बांधलेलं होतं. ते नाकारायची सोय नव्हती.

"गावात चोरी झाली की पाटील पयला आज्ज्याला चावडीवर बोलवायचा. इचारायचा, राखण तुझी हुती, तू कुठं हुतास? चोर घावू दे न्हायतर न घावू दे. आज्ज्यानं समद्या गावाम्होरं हुभं ऱ्हाऊन सांगायचं, मी हितं हुतो, माझा डोळा लागला, न्हायतर मला दिसलं न्हाय. जे आसंल ते. आमच्या लोकांनी ती राखण सोडली, बरं केलं. वेठच हुती ती. पण राखण काय हवेत गेली? ती सरकारकडं गेली." त्यांनी कप खाली ठेवला. "मग माझ्या दारात कुणी का आलं न्हाय सांगाया, का बाई, राखण आमची हुती, आमी कुठं हुतो? मी काय कुणाला फाशी द्याया निघाले न्हाय. पोरगी काय परत येत न्हाय. एकदा हुभं ऱ्हाऊन सांगायचं हुतं."

मी शिकवते त्या प्रकरणात याला उत्तरदायित्व म्हणतात. तो शब्द मी बोलले नाही.

"लिव," मावशी म्हणाल्या. "तिची राखण झाली न्हाय."

मी वहीत लिहिलं: तिची राखण झाली नाही. तात्यांनी वही घेऊन वाचलं, डोळे पुसले आणि शहीदचा विषय पुन्हा काढला नाही. मामांनीही वाचलं. बराच वेळ वाचलं. मग सुटल्यासारखे म्हणाले, "ह्यात कुणाचं नाव न्हाय. चालंल. साहेबांना बी काय वाटायचं न्हाय."

डाळज

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, दगड बघायला मी बी येती. मग आम्ही चौघं निघालो. मामांनी इंदापूरवरून सोलापूर-पुणे हमरस्ता धरला, कारण डाळजला मासे खायचे होते. "समुद्राचं मासं खाणाऱ्या बाईला धरणाचं मासं खाऊ घालू," ते म्हणाले. मजकूर ठरल्यापासून त्यांना बरं वाटत होतं.

डाळजच्या बाजूला उजनीचं पाणी पसरलेलं दिसतं. मी समुद्राकाठची नाही, पण समुद्र मला परका नाही. हे पाणी वेगळंच. त्याला लाट नाही, वास नाही, आणि काठावर ऊस. तात्या म्हणाले, या पाण्याखाली गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी देवळं वर येतात आणि माणसं आपली जागा बघायला जातात. मी विचारलं, काय बघतात? "काय न्हाय," ते म्हणाले. "हुभी ऱ्हात्यात."

हॉटेलात चिलापी मासा आला, तळलेला, अख्खा. भाकरी, लालभडक रस्सा. मला त्यात मातीची चव लागली. चांगलं आहे म्हणाले. आणि बोलण्याच्या नादात काटा घशात अडकला. आयुष्यभर मासे खाल्लेली मी, आणि धरणाच्या माशानं मला धरलं. डोळ्यांतून पाणी, खोकला, सगळं हॉटेल बघतंय. मावशींनी शांतपणे भाकरीचा कोरडा गोळा करून माझ्या हातात दिला. "चावू नगंस. गिळ." काटा गेला. मामा म्हणाले, "कोकणची इज्जत घालवलीस ताई."

मावशी हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसल्या. अगदी तसंच प्रज्ञा हसायची, उशीत तोंड खुपसून, रेक्टरबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. "प्रज्ञीला सांगाया पायजे हे," त्या म्हणाल्या.

मावशींनी ताटातला उरलेला मासा सोलून, काटे काढून, माझ्या ताटात ठेवला. मी तो सगळा खाल्ला.

पुन्हा बारामती

मुबारकभाईंनी दगड उजेडात काढून ठेवला होता. वहीतलं पान त्यांनी हातात घेतलं आणि खडूनं नावाखाली अक्षरं आखायला लागले. तात्या आणि मी स्टुलांवर, मावशी दगडासमोर खालीच बसल्या होत्या. मामा दाराशी उभे होते. ओळ आखून झाल्यावर मुबारकभाई मागे सरकले आणि त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांनी सहज, कामाचा माणूस विचारतो तसं विचारलं, "पुढं काय ऱ्हायलंय का? राखण कुणाकडं हुती ते?"

तात्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी दगडाकडेच बघत होत्या. मला वाटलं आपण बोलावं, समजावून सांगावं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दाराशी मामांनी घसा साफ केला. या वेळी त्यांनी आजूबाजूला बघितलं नाही.

"आमच्याकडं," ते म्हणाले.

मुबारकभाईंना वाटलं मजकूर सांगतायत. त्यांनी खडू उचलला. "आमच्याकडं, असं लिवू?"

"न्हाय. लिवू नका." मामांचा हात दाराच्या चौकटीवर होता. "आक्का, आमच्याकडं हुती. सरकारकडं. आमी कमी पडलो."

ते तहसीलचे एक कारकून. त्या शहराशी, त्या बाजाराशी त्यांचा काही संबंध नव्हता. हे त्या शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि मावशींनाही. त्यांनी भावाकडे पाहिलं. मग पदर डोक्यावर सारखा करून त्यांनी मुबारकभाईंना सांगितलं, "कोरा आता."